लॅपटॉप चालू होताना वाजणारा आवाज आपल्याला बदलता का येत नाही (आणि तरी कसा बदलायचा)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि त्याच्या आगेमागे घरोघरी विंडोज ११ आलं. कुणी अपडेट मारला, कुणी त्या निमित्ताने लॅपटॉपच नवा घेतला. आणि मग कित्येक वर्षं गप्प असलेली एक गोष्ट परत बोलायला लागली, लॅपटॉप चालू केला की लॉगिनच्या स्क्रीनवर मोठ्यांदा एक सूर. घरी असाल तर ठीक, पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातला, जिथे पेनाचं टोपण पडलं तरी चार माना वर होतात, तिथे काल रात्री पिक्चर बघताना फुल करून ठेवलेल्या व्हॉल्यूमवर तो वाजला की काय होतं ते एमपीएससीवाल्या कुठल्याही पोराला विचारा.

यावरून लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, हे बंद कसं करायचं. दुसरा जरा हौशी लोकांचा, की बंद नको, मला माझा आवाज लावायचाय. कुणाला तंबोरा हवा असतो, कुणाला पथकाचा ढोल, कुणाला आजीच्या आवाजातलं "उठलास का रे". पहिल्याचं उत्तर दोन ओळींचं आहे. दुसऱ्यासाठी मात्र आधी आत काय चालतं ते बघावं लागतं, कारण रिंगटोन बदलण्याइतकं ते सरळ नाही आणि त्याचं कारण खरंच मजेशीर आहे.

आधी बंद करायचं ते उरकून घेऊ

सेटिंग्समध्ये जा, पर्सनलायझेशन, मग थीम्स, त्यात साउंड्स. जुन्या वळणाची एक छोटी खिडकी उघडेल, तिच्या खालच्या बाजूला 'प्ले विंडोज स्टार्टअप साउंड' अशी चौकट आहे. टिक काढा, ओके करा, झालं. आणि अभ्यासिकेच्या दारात उभे राहून हे वाचत असाल तर त्याहून सोपं, रात्री लॅपटॉप बंद करतानाच म्यूट करून बंद करा. विंडोज शेवटचा व्हॉल्यूम लक्षात ठेवतं आणि सुरुवातीचा आवाज त्याच व्हॉल्यूमवर वाजवतं. हेडफोन लावलेत म्हणून निर्धास्त राहू नका मात्र, ब्लूटूथवाले हेडफोन बहुतेक वेळा तोपर्यंत जोडलेलेच नसतात त्यामुळे आवाज थेट लॅपटॉपच्या स्पीकरमधून येतो.

आवाज एक नाही, तीन आहेत

आपण सरसकट स्टार्टअप साउंड म्हणतो, पण बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत आवाज करू शकणाऱ्या तीन वेगवेगळ्या पार्ट्या असतात. एखाद्या सोसायटीत शिरताना कसं, आधी गेटवर वॉचमन, मग लिफ्टजवळची कॉमन लॉबी आणि शेवटी आपला फ्लॅट. फ्लॅटची बेल आपण कुठलीही लावू, चिमण्या ओरडू देत नाहीतर गायत्री मंत्र वाजू दे, कोण विचारतंय. लॉबीत काही बदलायचं तर सेक्रेटरीची परवानगी लागते. आणि वॉचमनची शिट्टी तर बिल्डरनेच देऊन ठेवलेली असते.

कॉम्प्युटरमधला वॉचमन म्हणजे फर्मवेअर. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कंपनीने भरून दिलेला छोटा प्रोग्रॅम, जुन्या मशीनमध्ये त्याला बायॉस म्हणायचे, आता यूईएफआय म्हणतात. विंडोज अजून जागं पण झालेलं नसतं तेव्हा हा एकटा काम करत असतो. लॉबी म्हणजे लॉगिन स्क्रीन, विंडोज उठलेलं असतं पण आत कोण येणार हे त्याला अजून माहीत नसतं. आणि फ्लॅट म्हणजे पासवर्ड टाकल्यानंतरचं तुमचं स्वतःचं डेस्कटॉप.

आता विंडोज ११ चा तो आवाज कुठे वाजतो? लॉबीत. तुमचं नाव, तुमची थीम, तुमच्या आवडीनिवडी यातलं काहीही लोड व्हायच्या आधी. म्हणूनच 'माझ्या सेटिंगमध्ये माझा आवाज' हे तिथे लागू होत नाही. घरात एकाच कॉम्प्युटरवर आई, बाबा, ताई अशी तीन खाती असतील तर लॉगिनच्या आधी नक्की कुणाचा आवाज वाजवायचा हे विंडोजने ठरवायचं तरी कसं?

वॉचमनची शिट्टी, म्हणजे ती जुनी बीप

ज्यांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास केलाय त्यांना ती एक छोटी 'टीक' आठवत असेल. कॅबिनेटच्या आत एक बारकासा स्पीकर असायचा, १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला, आणि फर्मवेअर स्वतःची तपासणी करून, रॅम आहे का, ग्राफिक्स आहे का, कीबोर्ड आहे का हे बघून सगळं ठीक असलं की एकदा बीप द्यायचं. या तपासणीला पोस्ट म्हणतात. काही बिघडलं असलं तर बीपचा पॅटर्न बदलायचा, उदाहरणार्थ अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. प्रत्येक कंपनीचे पॅटर्न वेगळे, त्यामुळे रिपेअरवाले नुसतं ऐकून 'रॅम काढून पुसून लावा' सांगायचे ते काही अंदाजपंचे नव्हतं.

स्क्रीन काळी असताना मशीनला बोलायची ती एकच सोय होती म्हणून ही शिट्टी. ती बदलायची तर फर्मवेअरच बदलावं लागेल आणि हौसेखातर तिथे हात घालू नये, अर्धवट राहिलं तर मशीन चालूच होत नाही. काही गेमिंग लॅपटॉप, उदाहरणार्थ असूसचे रॉग, लोगोबरोबर तलवार उपसल्यासारखा आवाज करतात, तो पण याच पातळीवरचा. तो बंद करायची सोय कंपनी देते.

पण पूर्वी तर आपण बदलायचो की!

हो, बदलायचो आणि हा आक्षेप अगदी बरोबर आहे. विंडोज ९५, ९८, एक्सपी या काळात कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड्सच्या यादीत 'स्टार्ट विंडोज' अशी एक ओळच होती. तिथे आपली वेव्ह फाइल जोडायची की काम झालं. सायबर कॅफेत प्रत्येक मशीन वेगळ्या आवाजात उठायचं, कुठे सिंह, कुठे शंख, कुठे हिंदी पिक्चरचा डायलॉग.

मायक्रोसॉफ्टने या काही सेकंदांवर केवढी डोकेफोड केलीय ते पण सांगतो. विंडोज ९५ चा आवाज ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने केला. मागणी होती सव्वातीन सेकंदांची, त्याने ८४ छोटे तुकडे केले, आणि शेवटी जो वापरला तो सहा सेकंदांच्या आसपास आहे. गंमत म्हणजे हे काम त्याने मॅकवर केलं असं त्यानेच नंतर बीबीसीला सांगितलं. व्हिस्टासाठी गिटारवादक रॉबर्ट फ्रिपला बोलावलं, त्याच्या वाजवण्यातून तो चार सुरांचा आवाज घडला आणि विंडोज ७ मध्ये पण तोच राहिला.

सगळं बदललं ते व्हिस्टापासूनच. आवाज फ्लॅटमधून लॉबीत आला, आणि साध्या वेव्ह फाइलऐवजी विंडोजच्या पोटातल्या इमेजरेस नावाच्या डीएलएल फाइलमध्ये जाऊन बसला (डीएलएल म्हणजे विंडोजचं सामायिक सामानाचं गाठोडं, त्यात आयकॉन, चित्रं, आवाज सगळं एकत्र बांधलेलं असतं). हा आवाज मुळी बंदच करता येणार नाही असंही आधी ठरत होतं, २००६ मध्ये त्यावरून बोंबाबोंब झाली आणि मग मायक्रोसॉफ्टने बंद करायची सोय दिली. बंद करायची दिली, बदलायची नाही, आणि आजवर तेच चालू आहे.

मग २०१२ ला विंडोज ८ आलं आणि आवाज मुळातच बंद होऊन आला. टॅबलेटचा जमाना आला होता, मशीन दिवसातून वीसदा चालू-बंद होणार, मीटिंगमध्ये, झोपलेल्या बाळाशेजारी, तिथे दर वेळी तुतारी कशाला. विंडोज १० मध्ये पण बंदच. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तो नव्या, जरा मवाळ रूपात परत आला, आणि टिक आधीपासून मारलेली. मला विचाराल तर आवाज छान आहे, पण टिक न मारता द्यायला हवा होता.

नेटवर तर तो बदलून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात, मग?

मिळतात, आणि चालतात पण. ती त्या इमेजरेस फाइलमध्येच घुसतात आणि आतला आवाज काढून तुमचा भरतात. सोसायटीच्या लॉबीत रात्री गुपचूप जाऊन स्पीकर बदलण्यातला प्रकार. सकाळी सेक्रेटरी बघणारच. विंडोज आपल्या मुख्य फाइली राखून असतं, त्यांची मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलर नावाच्या वेगळ्याच खात्याकडे असते, तुम्ही ॲडमिन असलात तरी सहज हात लावू देत नाही. जबरदस्तीने बदललं तरी पुढच्या मोठ्या अपडेटला मूळ फाइल परत येऊन बसते, किंवा कधी तुम्ही सिस्टीम फाइल तपासायची कमांड चालवलीत तरी येते. आणि मधे काही गडबड झाली तर त्याच फाइलीत शेकडो आयकॉन पण आहेत हे विसरू नका.

त्यातून हे करणारं सॉफ्टवेअर ॲडमिनचे सगळे हक्क मागतं. तीन सेकंदांच्या आवाजासाठी अनोळखी माणसाला घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या का हे ज्याचं त्याने ठरवावं, मी तरी ज्या लॅपटॉपवर नेटबँकिंग चालतं त्यावर हे करणार नाही.

मग आपल्या फ्लॅटमध्ये काय करता येतं

लॉबीतला आवाज बंद करायचा आणि लॉगिन झाल्याबरोबर आपला वाजवायचा. ऐकणाऱ्याला दोन-चार सेकंदांचाच फरक. बाकी सगळं कायदेशीर, अपडेटने पुसलं जात नाही, आणि आई-बाबा-ताई तिघांना तीन वेगळे आवाज.

फाइल आधी वेव्ह प्रकारात हवी. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एमपी३ उघडा, हवा तेवढा तुकडा कापा, शेवट थोडा फेड करा (नाहीतर आवाज कुऱ्हाडीने तोडल्यासारखा थांबतो) आणि वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा. लांबी चार-पाच सेकंदांच्या वर नेऊ नका. पहिल्या दिवशी पंधरा सेकंदांचा ढोल भारी वाटतो, आठवड्याने घरातलेच लोक लॅपटॉप उचलून फेकतील.

आता वाजवायचा कसा. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे स्टार्टअप फोल्डरमध्ये त्या फाइलचा शॉर्टकट टाकणे, पण त्याने मीडिया प्लेअरची खिडकी पण उघडते आणि ती रोज बंद करत बसावी लागते, शिवाय विंडोज त्या फोल्डरमधल्या गोष्टींना मुद्दाम थोडं थांबवून ठेवतं त्यामुळे आवाज उशिरा, भलत्याच क्षणी येतो. त्यापेक्षा टास्क शेड्युलर. हा विंडोजमध्येच असतो, 'अमुक झालं की तमुक कर' एवढंच त्याचं काम. नवीन टास्क करा, ट्रिगरमध्ये 'ॲट लॉग ऑन' निवडा, ॲक्शनमध्ये पॉवरशेलला (विंडोजमधलीच, लेखी कमांड चालवायची सोय) वेव्ह फाइल वाजवायला सांगणारी एका ओळीची कमांड द्या. ती ओळ कुठेही शोधून मिळेल, त्यात साउंडप्लेअर हा शब्द असतो आणि शेवटी 'प्ले' किंवा 'प्लेसिंक'. तुम्ही प्लेसिंकवालीच घ्या. नुसत्या प्लेमध्ये पॉवरशेल आवाज सुरू करून लगेच स्वतः बंद होतं आणि त्याच्याबरोबर आवाजही मरतो, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही आणि तुम्ही तासभर फाइलला दोष देत बसता. प्लेसिंक म्हणजे वाजून होईपर्यंत थांब.

आता ज्या ठिकाणी बहुतेक लोक अडकतात ते सांगतो.

ट्रिगरमध्ये 'ॲट स्टार्टअप' पण दिसतो आणि आपल्याला वाटतं हाच तर पाहिजे. तो नका घेऊ. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन नसतो, फास्ट स्टार्टअप नावाची सोय विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तिथूनच उचलते, त्यामुळे टास्क शेड्युलरच्या मते स्टार्टअप झालेलाच नसतो. लॉग ऑन मात्र दर वेळी होतो.

दुसरं, जनरल टॅबमध्ये 'युजर लॉग ऑन असेल तेव्हाच चालव' हेच ठेवा. दुसरा पर्याय घेतलात तर काम पडद्यामागच्या वेगळ्या सेशनमध्ये होतं, टास्क यशस्वी झाला असं दिसतं आणि कानावर शून्य.

आणि तिसरं तर हमखास. कंडिशन्स टॅबमध्ये 'चार्जिंगवर असेल तरच चालव' अशी टिक आधीपासून मारलेली असते. म्हणजे घरी टेबलावर चार्जर लावून सगळं झकास वाजतं, आणि मित्राला दाखवायला फर्ग्युसन रोडवरच्या कॅफेत लॅपटॉप उघडला की चिडीचूप. नाहीतर गुरुवारी मेंटेनन्सला लाइट गेली की आवाज पण गेला. ती टिक काढा.

झाकण उघडल्यावर पण वाजायला हवा असेल तर त्याच टास्कला दुसरा ट्रिगर जोडता येतो, वर्कस्टेशन अनलॉक झाल्याचा. पण दिवसातून कितीदा पासवर्ड टाकता ते आधी मोजा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर जमेल का

हिंजवडी-खराडीवाल्यांचा हा पहिला प्रश्न असतो. बहुधा नाही. कंपनीचा आयटी विभाग ग्रुप पॉलिसी नावाच्या सोयीने सगळ्या मशीनचे नियम एका जागेवरून ठरवतो आणि त्यात स्टार्टअप आवाज बंद करायचा वेगळा नियमच आहे. ती टिकची चौकट फिकट दिसत असेल, क्लिकच होत नसेल, तर तुमचं मशीन बिघडलेलं नाही, नियम लागलाय. टास्क शेड्युलर पण अनेक ठिकाणी कुलपात असतो, आणि नसला तरी कंपनीच्या लॅपटॉपवर पॉवरशेल चालवणारा टास्क सिक्युरिटीवाल्यांच्या नजरेत आला तर खुलासा देत बसावा लागेल. घरच्याच मशीनवर हौस भागवा.

याने मशीन स्लो होतं का? आणि मुळात आवाज हवाच कशाला?

स्लो होत नाही. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला साधारण १७६ केबी जागा घेतो, म्हणजे पाच सेकंदांची फाइल एक एमबीच्या आत. तुमच्या फोनमधला गुड मॉर्निंगचा एक फोटो याहून मोठा असेल.

हवा कशाला हा प्रश्न जास्त चांगला आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मशीन उठलं की नाही हे कळायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, आवाज आला की कंट्रोल, विंडोज आणि एंटर दाबून नॅरेटर सुरू करता येतो आणि मग तो स्क्रीन वाचून दाखवतो. दिसणाऱ्यांना पण उपयोग आहे. स्क्रीन काळी आहे पण लॉगिनचा सूर ऐकू आला, तर मशीन नीट चालू झालंय आणि गडबड स्क्रीनची, केबलची किंवा ब्राइटनेसची आहे. दुकानात फोन करून "काहीच होत नाहीये" सांगण्यापेक्षा "आवाज येतो पण दिसत नाही" सांगितलंत तर समोरच्याचं निम्मं काम होतं. म्हणून अभ्यासिकेत जात नसाल तर चालू राहू द्या असं माझं मत.

मॅकवाल्यांसाठी

मॅकचा तो भारदस्त सूर वॉचमनच्या पातळीचा आहे, फर्मवेअरमध्ये राहतो. जिम रीक्स या ॲपलच्या इंजिनिअरने तो घरी कॉर्गच्या सिंथेसायझरवर केला आणि १९९१ च्या क्वाड्रा या मॅकमध्ये तो पहिल्यांदा आला, नंतर त्याचे अवतार बदलत गेले. २०१६ च्या मॅकबुक प्रोपासून ॲपलने तो काढला, लोक हळहळले, आणि २०२० च्या बिग सर या मॅकओएसमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये टिक देऊन परत आणला. म्हणजे चालू किंवा बंद, एवढंच तुमच्या हातात. आपला सूर हवा तर इथेही तो लॉगिननंतरच.

आणि लिनक्सवाल्यांची तर चैन आहे

लिनक्सवर लॉगिनचा आवाज बदलणं किरकोळ काम आहे, केडीई डेस्कटॉपवर तर नोटिफिकेशनच्या सेटिंगमधूनच होतं. पण खरी मजा त्याच्या कितीतरी आधी आहे. ग्रब म्हणजे लिनक्सला उठवणारा बूटलोडर, वॉचमन आणि लॉबी यांच्या मधला माणूस, आणि त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इनिट ट्यून नावाची एक ओळ असते, सुरुवातीच्या # या चिन्हामुळे बंद करून ठेवलेली. ते चिन्ह काढलं की ग्रब त्या जुन्या कॅबिनेटमधल्या स्पीकरवर सूर वाजवतो, आणि सूर आपण लिहायचे. पहिला आकडा लयीचा, मिनिटाला किती ठोके, आणि मग जोड्या, सुराची कंपनसंख्या आणि तो किती ठोके धरायचा.

सवाईला जाणाऱ्यांसाठी भूपाचा आरोह लिहून देतो. सा २४० धरला तर रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४००, वरचा सा ४८०. लय १२० ठेवली की एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. ओळ अशी होते: १२० २४० १ २७० १ ३०० १ ३६० १ ४०० १ ४८० २. फाइलमध्ये आकडे इंग्रजीत टाकायचे, सेव्ह करून ग्रब अपडेट करायची कमांड द्यायची. मींड-बिंड विसरा, घड्याळाच्या गजरासारखे सरळसोट सूर येतात, जाणकार नाक मुरडतील, पण भूप ओळखू येतो.

लॅपटॉपमध्ये हा स्पीकर बहुतेक वेळा नसतोच. डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवर 'स्पीकर' लिहिलेल्या चार पिना शोधा, त्यावर बसणारा छोटा काळा बझर पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, 'मदरबोर्डचा बीपवाला स्पीकर' म्हटलं की कळतं. आणि ट्यून संपेपर्यंत मशीन तिथेच थांबून राहतं, त्यामुळे अवरोह घालायचा मोह झाला तर आणखी साडेतीन सेकंद धरा.